म्हापशातलं भाषांतर: काम चोख, फोन मात्र उचलत नाहीत

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या भाच्याला डिपोर्टेशनचं, म्हणजे देशाबाहेर काढण्याचं पत्र आलं. तिथे राहून फर्स्ट-टियर ट्रिब्युनलकडे (अशी अपिलं ऐकणारं तिथलं न्यायाधिकरण) अपील करायला निर्णय पाठवल्यापासून १४ दिवस; त्यातले पाच रडण्यात गेले. म्हातारी आई त्याच्यावरच अवलंबून आहे, हे दाखवायचं होतं. पण तिचा १९५९चा जन्मदाखला पोर्तुगीजमध्ये, आणि ट्रिब्युनलला इंग्रजी भाषांतर लागतं.

बाजाराजवळच्या या भाषांतरकाराने दोन दिवसांत दिलं. दाखल्यात ‘शेट’ एक्सने सुरू होतं, पासपोर्टवर एसने. भाषांतरकाराने स्वतःहून खाली टीप घातली: आडनाव एकच, लिहिण्याची पद्धत पोर्तुगीज. आमच्या तर लक्षातही आलं नसतं!

फोन मात्र सात वेळा केला, उचलला नाही. दुपारी एक ते चार शटर बंद, हे आपलं गोंयच. अपील वेळेत गेलं. सुनावणी व्हायची आहे. चार तारे.