स्तनाच्या ऑपरेशननंतरचा टॅटू: नागपूरच्या शंकरनगरातल्या स्टुडिओतला माझा अनुभव

कॅन्सरमध्ये काढलेल्या स्तनाच्या जागी निप्पलचा टॅटू काढून घ्यायला मी गेले, पण पहिल्या भेटीत टॅटू काढणाऱ्या मुलीने नकार दिला. मी या स्टुडिओला चार तारे देते आहे, त्याचं पहिलं कारण तेच.

मी पैसे पर्समध्ये घेऊन पूर्ण तयारीने गेले होते. तिने दार लावलं, हात धुतले, ग्लोव्ह्ज घातले, व्रणावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पाठीची कातडी लावून किती महिने झाले, काकू?" जेमतेम तीन झाले होते. "मग काहून घाई करता? हा अजून लाल आहे, कडक आहे. आत्ता सुई लावली तर रंग कुठे धरेल, कुठे नाही धरणार. मऊ पडू द्या, फिका होऊ द्या. आणि येताना सर्जनची चिठ्ठी आणा, तिच्याशिवाय मी हात लावत नाही." व्रण पक्का व्हायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं, हे नंतर माझ्या सर्जननीही सांगितलं. त्या दिवशीचे पैसे तिने घेतले नाहीत.

ज्यांना या कामाची माहितीच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मला डाव्या बाजूला कॅन्सर होता. पूर्ण स्तन काढला, किमो झाली, रेडिएशन झालं. पुढे पाठीचा स्नायू वरच्या कातडीसकट छातीवर फिरवून आकार परत बनवला. आकार आला, पण त्यावर निप्पल नाही, भोवतीचा गडद गोल नाही. पाठीच्या कातडीचा लांबट तुकडा तेवढा उठून दिसायचा, छातीपेक्षा वेगळ्या रंगाचा. ऑपरेशन करूनही निप्पल उभारता येतं, तिथलीच कातडी दुमडून टाके घालतात. पण तो उंचवटा दिवसांबरोबर बसत जातो, आणि मला पुन्हा भूल घ्यायची नव्हती. सिलिकॉनचे चिकटवायचे निप्पल मिळतात, ते मे महिन्याच्या घामात माझ्या अंगावर टिकेनात. राहिला टॅटू.

यात फिका आणि गडद रंग अशा हिशोबाने भरतात की सपाट कातडीवर उंचवटा दिसतो. उजेड पडतो त्या बाजूला फिका, खाली सावलीचा गडद, आणि गोलाच्या आत खऱ्या कातडीवर असतात तसे बारीक पुटकुळ्यांचे ठिपकेसुद्धा. अमेरिकेतल्या मेरीलँडचे टॅटू कलाकार व्हिनी मायर्स याच कामासाठी जगभर ओळखले जातात. इंग्लंडमध्ये तर कित्येक सरकारी हॉस्पिटलांत ब्रेस्ट कॅन्सरच्या नर्सच हे करून देतात. मला मात्र इतक्या वर्षांच्या उपचारात याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कळलं ते फॉलो-अपच्या रांगेत शेजारी बसलेल्या गोंदियाच्या एका ताईंकडून. म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहिते आहे.

आता मुख्य गोष्ट. माझं इतवारीत ब्लाउज शिवायचं दुकान आहे, पंचवीसेक वर्षांचं. कुठल्याच बाईच्या दोन बाजू सारख्या नसतात, हे मी रोज टेपवर पाहते. त्यामुळे एकच परीक्षा मी मनाशी ठरवून गेले होते: ही मुलगी माप उभं ठेवून घेते की झोपवून. आडवं झालं की छाती पसरते, खूण सरकते, आणि उठून उभं राहिल्यावर एक गोल वर, एक खाली. तिने मला आरशासमोर उभं केलं, खांदे सैल सोडायला लावले. गळ्याच्या खळगीपासून उजव्या निप्पलपर्यंत टेप, मग तेवढंच माप डावीकडे, मग छातीच्या मधल्या रेषेपासून दोन्हीकडे. पेनने गोल काढला, चार पावलं मागे जाऊन पाहिला, पुसला, परत काढला.

टेपचा आकडा बरोबर होता, तरी माझ्या डोळ्याला गोल थोडा बाहेर गेलेला दिसत होता. फिरवलेल्या स्नायूमुळे माझी डावी बाजू बगलेकडे जास्त भरलेली आहे. मी तसं बोलले. तिने वाद घातला नाही, पेन माझ्याच हातात दिलं. "तुम्हीच दाखवा, काकू." मी ब्लाउज चढवला, टक्सचं, म्हणजे छातीवरच्या चुणीचं, टोक दोन्हीकडे कुठे येतं ते पाहिलं, आणि गोल अर्धं बोट आत घेतला. तिने लांबून बघितलं आणि मान हलवली, "हे बरोबर आहे." सुई लावायच्या आधी तासभर आम्ही हेच करत होतो. माझ्या मते या सगळ्या कामात मोलाचा तो तास आहे. ज्या ठिकाणी तुम्हाला आल्या आल्या झोपवून मशीन सुरू करतील, तिथून उठून या.

रंगाच्या बाबतीतही ती तितकीच काटेकोर निघाली. इंटरनेटवर दिसणारे फोटो बहुतेक गोऱ्या बायकांचे, गुलाबी. तो रंग आपल्या अंगावर वरून लावल्यासारखाच दिसतो. तिने तीन तपकिरी रंग कमी-जास्त मिसळले, त्यात किंचित लाल टाकला, आणि मला खिडकीजवळ नेऊन उजव्या बाजूशी लावून पाहिले. अस्तराचा रंग मीही कधी ट्यूबलाइटखाली जुळवत नाही, त्यामुळे तिथेच माझा तिच्यावर विश्वास बसला. ॲलर्जीची चाचणी म्हणून कानामागे रंगाचा एक ठिपका तिने बऱ्याच आधी देऊन ठेवला होता.

दुखतं का, हे सगळ्याच विचारतात. पाठीहून आणलेल्या कातडीला मला स्पर्शच कळत नाही, तिथे फक्त मशीनचा आवाज ऐकू येत होता. कडेला, जिथे रेडिएशन झालेली कातडी आहे, तिथे बधिर करायचं क्रीम लावूनही चांगलंच टोचलं. ती कातडी पातळ असते, म्हणून तिथे तिने दाब कमी ठेवला आणि मधेमधे थांबली. सुया सीलबंद पाकिटातून माझ्यासमोर काढल्या आणि काम झाल्यावर माझ्यासमोरच डब्यात टाकल्या. बगलेतल्या गाठी काढल्यामुळे माझ्या डाव्या हाताला सुजेची भीती असते. हे मी सांगायच्या आधी तिनेच विचारलं, आणि हात डोक्यावर ताणायला न लावता खाली उशी दिली. ब्युटी पार्लरच्या कोर्समध्ये हे शिकवत असतील असं वाटत नाही. ही पोरगी स्वतः वाचून, डॉक्टरांना विचारून शिकली आहे.

काम झाल्यावर आठवडाभर तो गोल इतका गडद दिसतो की काळजात धस्स होतं. घाबरू नका. वरचा पापुद्रा सुटतो तसा रंग उतरतो, आणि तो किती उतरणार हे धरूनच ती आधी गडद भरते. वर पारदर्शक चिकट फिल्म लावून देते. पोहणं, वाफ, थेट ऊन काही आठवडे बंद. दोनेक महिन्यांनी दुसरी बैठक होते, तेव्हा व्रणाच्या रेषेवर जिथे रंग धरला नव्हता तिथे परत भरला. एप्रिल ते जून ती हे काम घेतच नाही. नागपूरच्या 45 अंशांत ब्लाउजच्या आत घामाने ओली राहणारी ताजी जखम चिघळायला वेळ लागत नाही. टॅमॉक्सिफेन ही कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी घेणाऱ्यांना तर अंगातून वाफा येतात त्या वेगळ्याच. दिवाळीनंतर ते संक्रांतीच्या आसपास, ही आपल्याकडची योग्य वेळ.

समोरून पाहिलं तर उंचवटा खरा वाटतो. बोट फिरवलं की सपाट, आणि बाजूने आरशात पाहिलं तर काहीच नाही. संवेदना परत येत नाही. हे सगळं तिने आधीच स्पष्ट सांगितलं होतं, आणि तुम्हीही हे समजूनच जा. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "या वयात कोण बघून राहिलं?" मी बघते ना. ऑपरेशन झाल्यापासून माझं माप सून घ्यायची, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. यंदाचा ब्लाउज मी आरशासमोर स्वतः मापला, स्वतः कापला, आणि दोन्ही बाजूंच्या टक्सला वेगवेगळं माप दिलं.

एका बाजूचे 18,000 रुपये झाले, दुसरी बैठक त्यातच. काही वर्षांनी रंग फिका पडेल तेव्हा परत भरायचे वेगळे. विम्याचं सांगते. आरोग्य विम्याच्या ठरलेल्या अटींत सौंदर्यासाठीचे उपचार वगळलेले असतात, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या पुनर्रचनेला तिथेच सूट लिहिलेली आहे. त्या सवलतीत माझं पाठीच्या कातडीचं ऑपरेशन बसलं. टॅटूचा क्लेम मात्र विमा कंपनीने स्टुडिओ हे हॉस्पिटल नाही म्हणून परत केला. कॅन्सरने जे नेलं तेच परत मिळवायचं आहे, ते कोणत्या खोलीत केलं यावर हक्क ठरावा हे मला अजिबात पटत नाही. तुम्ही आधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

एक तारा कापला तो बाहेरच्या खोलीसाठी. तिथे नवरीच्या मेकअपवाल्या मुली बसलेल्या असतात, आणि काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "तुम्ही ब्रेस्टवाल्या का?" आत इतकी माया आणि बाहेर हे. मी आत गेल्यावर सांगितलं, पुढच्या वेळी मला मागच्या दाराने थेट घेतलं. पण हे प्रत्येकीला आपणहून मिळायला हवं. तिच्याकडे पुरुषही येतात, छातीचं ऑपरेशन झालेले ट्रान्स तरुणही येतात. त्यांनाही तिथे बसवलं नाही तर बरंच होईल.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, साखर ताब्यात नसेल किंवा व्रण जाड होऊन वर येत असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. नंतरही एमआरआय किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करताना टॅटू आहे हे तिथे सांगायचं. काही रंगांत लोहाचे कण असतात आणि एमआरआयचं मशीन म्हणजे मोठं चुंबक, शिवाय बगलेतल्या गाठींत जमलेला रंग मॅमोग्राफीच्या फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखा दिसू शकतो.

इतवारीकडून येणाऱ्यांनी मेट्रोची ॲक्वा लाइन घ्यावी. अग्रसेन चौकातून शंकरनगर चौकापर्यंत गाडी बदलावी लागत नाही, आणि परतताना ऑटोचे धक्के बसत नाहीत. पुढून उघडणारा सैल सुती ब्लाउज घाला, गडद रंगाचा. वेळ घेताना दुपारी 2 नंतरची मागा, तेव्हा बाहेरची खोली रिकामी असते.