‘घर दाखवायचं नाही, काका’: इटलीतील शिष्यवृत्ती आणि आमचा लपवलेला फ्लॅट

इटलीत पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या माझ्या मुलाला तेथील प्रादेशिक शिष्यवृत्ती, विद्यार्थी जिला ‘डीएसयू’ म्हणतात ती, पहिल्या वर्षी मिळाली आणि दुसऱ्या वर्षी दंडासह परत करावी लागली. त्यात सल्लागाराची लबाडी होती, तसा आमचा आळसही होता, हे आधीच सांगून टाकतो.

या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे उत्पन्न आणि मालमत्ता यांची मूळ कागदपत्रे इटालियन भाषांतर व अपोस्टिलसह (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे सरकारी प्रमाणन) ‘काफ’ नावाच्या साहाय्य केंद्राकडे द्यावी लागतात. ते केंद्र त्यावरून ‘इझे पारिफिकातो’ हा कुटुंबाची आर्थिक स्थिती दाखवणारा आकडा काढून देते आणि पात्रता त्यावर ठरते. सल्लागाराने हे सारे आपल्याकडे घेतले, काही रक्कम आगाऊ घेतली आणि मंजूर शिष्यवृत्तीच्या दहा टक्के नंतर द्यायचे ठरले. पगाराचे आणि बँकेचे कागद त्याने मागितले, फ्लॅटचा विषय मीच काढला, तेव्हा तो हसून म्हणाला, “घर दाखवायचं नाही, काका. तिथून इथे बघायला कोण येणार आहे?” मला ते खटकले होते, पण या कामातला माणूस सांगतो आहे म्हटल्यावर मी गप्प बसलो.

अर्जाच्या मुदतीच्या आदल्या रात्री त्याने एक इटालियन घोषणापत्र पाठवले आणि मुलाने भाषांतर न मागता मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सही केली. स्थावर मालमत्तेच्या रकान्यात त्यात शून्य लिहिलेले होते.

दुसऱ्या वर्षी मुलगा स्वतः काफमध्ये गेला आणि विचारल्यावर त्याने सरळ फ्लॅट सांगितला. मागच्या वर्षीच्या कागदांशी तो जुळेना. पुढे शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेने चौकशी केली आणि 2012 च्या तेथील कायद्याप्रमाणे मिळालेल्या रकमेच्या तिप्पट दंडाची नोटीस आली. उरलेल्या अभ्यासक्रमासाठी पुन्हा मदत मिळण्याचा हक्कही गेला.

मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट मात्र काफमधील बाईंनी कागदावर मांडून दाखवलेला हिशेब आहे. परदेशातील घराची किंमत तेथे बाजारभावाने धरत नाहीत. दर चौरस मीटरला 500 युरो असा ठरावीक दर लावतात. आमचा फ्लॅट 50 चौरस मीटरचा, म्हणजे 25,000 युरो. त्यातील केवळ 20 टक्के, म्हणजे 5,000 युरो उत्पन्नात मिळवायचे, आणि चार माणसांचे कुटुंब असल्यामुळे बेरजेला 2.46 ने भागायचे. लपवलेल्या घराने आमचा आकडा जेमतेम दोन हजार युरोंनी वाढला असता आणि तरीही आम्ही मर्यादेच्या बरेच आत राहिलो असतो. म्हणजे त्याने आमच्याकडून जे खोटे बोलवून घेतले, त्याची गरजच नव्हती! हा हिशेब त्याला ठाऊक नव्हता, की घर दाखवले तर भाषांतर आणि अपोस्टिलचे काम वाढेल म्हणून त्याने घर दाखवणेच टाळले, हे मला आजही कळलेले नाही. माझा संशय दुसऱ्या कारणावर आहे.

यातून जाणाऱ्या पालकांनी अर्जात दिलेला ईमेल आणि पासवर्ड आपल्याच मुलाकडे ठेवावा, काफला पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यावी आणि शिष्यवृत्तीच्या टक्केवारीवर मोबदला मागणाऱ्याच्या वाटेलाही जाऊ नये, कारण आकडा कमी दाखवण्यात त्याचा फायदा असतो आणि सही मात्र विद्यार्थ्याची असते.

आमच्या सल्लागाराने हेच ऐकवले. जाब विचारायला गेलो, तेव्हा त्याने घोषणापत्राची प्रत समोर सरकवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “यावर माझं नाव कुठे आहे ते दाखवा, काका.” ते खरोखरच कुठे नव्हते. त्याचे दहा टक्के आम्ही त्याला केव्हाच देऊन बसलो होतो.