वढवाणा की नल सरोवर?
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशींचा प्रश्न: नातवंडं नाताळात येताहेत, पक्षी बघायला कुठे न्यायचं?

अंतराचा निकाल सोपा. डभोईजवळचं वढवाणा बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर, दुपारच्या जेवणाला घरी परत. नल सरोवर अहमदाबादच्याही पुढे साठेक किलोमीटर, म्हणजे पहाटे तीनला उठा.

वढवाण्याचा तलाव सयाजीरावांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. बांधावरून चालायचं, बस्स. पट्टकादंब थव्याने उतरतात. दुर्बिणीतून डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट दिसतात. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा, आणि शेजारी बारमाही मुक्कामाचे वारकरी पक्षी नि जांभळ्या पाणकोंबड्या. दुर्बीण विसरलात तर मात्र नुसते ठिपके मोजा!

नल सरोवर अवाढव्य, १२० चौरस किलोमीटर, पण उथळ. नाववाला बांबूने ढकलत नेतो. रोहित पक्षी बघायचे तर इथेच. खर्च अर्थात जास्त, आणि नावेचं भाडं बसण्याआधीच ठरवा. आम्ही एकदा उतरताना भांडलो होतो.

दोन्ही रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा) आहेत, त्यावरून काही ठरत नाही.

मावशी, तुमचे गुडघे नि लहानगी पाहता वढवाणाच. कॅमेरावाल्या भाच्याला एकट्याला नल सरोवरला धाडा.