सहा ग्रह एका घरात: महालातल्या संगणकीय पत्रिकेची परीक्षा

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकाजवळच्या एका गल्लीत पत्रिका करून देणारं जुनं केंद्र आहे. खाली संगणक आणि प्रिंटर, वरच्या माळ्यावर गुरुजी. १०० रुपयांत दोन पानांचं टिपण मिळतं, ६०० रुपयांत चाळीस पानांची बांधीव पत्रिका. गुरुजींचा तोंडी फलादेश वेगळा, अर्ध्या तासाचे ५०० रुपये. साधी कुंडली असली तर तिन्ही ठीक चालतात. कस लागतो तो एकाच राशीत ग्रहांची गर्दी झाली की. म्हणून मुद्दाम तशीच वेळ दिली: ११ फेब्रुवारी २०२१, दुपारी १२ वाजता, नागपूर. त्या दिवशी पौष अमावास्या होती आणि मकरेत रवी, चंद्र, बुध, गुरू, शुक्र, शनी असे सहा ग्रह होते. त्या आठवड्यात जन्मलेल्या पोरांच्या पत्रिका हातात धरून घाबरलेले आईबाप आजही येतात, तेव्हा ही चाचणी निव्वळ हौसेची नाही.

पहिली चूक गणिताआधीच झाली. गणकयंत्रात जन्मगाव 'मुंबई' राहून गेलं होतं. मुंबई आणि नागपूर यांच्या स्थानिक वेळेत २५ मिनिटांचा फरक पडतो, म्हणजे लग्न (त्या क्षणी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश, तिथून घरं मोजतात) सहा-सात अंश सरकतं. या वेळेला नागपूरचं लग्न वृषभेच्या चौथ्या अंशाच्या आसपास येतं, मुंबई धरली की मेषेच्या शेवटी. सहाच्या सहा ग्रह भाग्यातून, म्हणजे नवव्या घरातून, उठून दशमात जाऊन बसले! दाखवून दिल्यावर पैसे न घेता दुसरी प्रत काढून दिली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं. तरी पत्रिका हातात आली की आधी रेखांश बघा. नागपूरचा ७९ अंश ५ कला लिहिलेला असायला हवा. ७२ दिसला की तिथूनच परत.

दुरुस्त प्रतीत अयनांश (वसंतसंपातापासून राशिचक्राचा आरंभ जितका सरकलेला धरतात तो फरक) चित्रापक्षाचे, म्हणजे चित्रा तारा प्रमाण मानणाऱ्या पद्धतीचे, २४ अंश ९ कला. ते योग्य, आणि छापलेलेही आहेत. कितीतरी ठिकाणी छापतच नाहीत. घरी टिळक पंचांग असेल तर मेळ बसणार नाही, कारण त्यातला रैवत पक्ष (रेवती तारा प्रमाण मानणारी पद्धत) साधारण चार अंशांनी वेगळा आहे. मकरेच्या साडेअठ्ठावीस अंशांवरचा रवी त्या हिशेबानं कुंभेत जातो आणि गर्दी सहाची पाचावर येते. यात कोणी चुकलेलं नाही, फक्त दोन पंचांगं एकाच पत्रिकेत मिसळायची नाहीत.

आता छपाई. आपल्याकडच्या चौकटीत नववं घर त्रिकोणी, आधीच अरुंद. त्यात सहा अक्षरं कोंबली तेव्हा 'शु'चा उकार खालच्या रेषेत बुडाला आणि घरात दोन 'श' दिसू लागले. शेजारचा वक्री (उलट चालीचा) बुध 'बु(व)' म्हणून रवीवर चढलेला. ६०० रुपयांच्या पत्रिकेत हे शोभत नाही. टिपणात मात्र कुंडलीखाली अंशांचा तक्ता स्वच्छ आहे: शनी १२, शुक्र आणि गुरू १८ च्या आगेमागे, चंद्र २२, बुध त्याच्या जरा पुढे, रवी २८. खरं वाचन या तक्त्यावरूनच होतं.

अशा गर्दीत पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की यातलं नवलाचं नेमकं काय? बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जात नाही, शुक्र ४७ च्या पलीकडे नाही, आणि अमावास्येला चंद्र रवीजवळच असतो. म्हणजे सहातले चार नेहमीचेच. उरले गुरू आणि शनी. त्यांची गाठ साधारण वीस वर्षांनी पडते, आणि ती २१ डिसेंबर २०२० ला नुकतीच पडून गेली होती. मोठ्या पत्रिकेत 'षड्ग्रही योग, अत्यंत दुर्मीळ' असं ठळक अक्षरात आहे. या फोडीबद्दल एक ओळ नाही.

दुसरी फोड भावचलिताची, म्हणजे राशींऐवजी लग्नाच्या आणि माथ्याच्या अंशांवरून घरं पाडलेल्या कुंडलीची. दुपारी बाराला रवी माथ्यावर, आणि दशम म्हणजे माथाच. म्हणून राशीकुंडलीत नवमात दिसणारे हे सहाही ग्रह चलितात दशमात जातात. दशमाचा मध्य मकरेच्या एकविसाव्या अंशाजवळ येतो आणि नवम-दशमाचा संधी (दोन घरांमधली सीमा) आठव्या-नवव्या अंशाजवळ. बाराव्या अंशावरचा शनीसुद्धा त्यापुढेच. चलित पान ११ वर छापलंय, गणित बरोबर आहे. पण पान १४ पासूनचा सगळा फलादेश नवमावरूनच: तीर्थयात्रा, पित्याचं सुख, गुरुकृपा. चलित काढायचं आणि वाचायचं नाही, ही संगणकीय पत्रिकांची जुनी खोड.

फलादेशाची सहा पानं म्हणजे सहा परिच्छेद एकाखाली एक. गुरू नीचेचा (आपल्या सर्वांत दुबळ्या राशीतला) म्हणून भाग्यहानी, लगेच खाली शनी स्वगृहीचा म्हणून भाग्योदय. वाचणाऱ्यानं काय धरायचं? वृषभ लग्नाला शनी नवम-दशमाचा स्वामी, योगकारक (खास शुभ फळ देणारा), आणि मकर त्याचीच रास. म्हणजे बाकी पाचही त्याच्या घरचे पाहुणे. वाचन शनीपासूनच सुरू व्हायला हवं. त्यानं गुरूचं नीचत्वही बरंच सैल होतं.

मग अस्त पाहायचा, म्हणजे रवीच्या फार जवळ येऊन कोणता ग्रह झाकला गेला ते. गुरूला मर्यादा ११ अंश, अंतर दहाच्या थोडं वर, म्हणून गुरू अस्तंगत. शुक्राला १० अंश, अंतर साडेदहा, म्हणजे लग्नेश (वृषभ लग्नाचा स्वामी) थोडक्यात सुटला. वक्री बुधाला १२ आणि चंद्रालाही १२, दोघेही आत. शनीला १५, तो सोळाच्या आसपास, बाहेर. शिवाय गुरू-शुक्रात अर्ध्या अंशाहून कमी अंतर, म्हणजे ग्रहयुद्ध. मोठ्या पत्रिकेत अस्ताचा रकाना आहे, पण पाचही ग्रहांना सरसकट 'अस्त' लावलंय. युद्धाचा उल्लेखच नाही.

सगळ्यात जास्त घबराट पसरवतं ते पान २३: 'चार वा अधिक ग्रह एकत्र, संन्यास योग.' प्राचीन ज्योतिषी वराहमिहिरानं हा योग सांगितला तो बलवान ग्रहांचा. त्यातला सर्वांत बळी ग्रह प्रव्रज्येचा, म्हणजे संन्यासाचा, प्रकार ठरवतो आणि अस्तंगत ग्रह दीक्षा देत नाही. इथे पाचांतले तीन अस्त आहेत. ही अट गाळून योग छापणं म्हणजे निम्मं सूत्र छापणं.

वरच्या माळ्यावर मात्र वेगळाच अनुभव. गुरुजींनी मोठी पत्रिका बाजूला सारली, टिपण घेतलं, अंशांखाली पेन्सिलीनं रेघा ओढल्या आणि नवमांश (प्रत्येक राशीचे नऊ भाग करून काढलेली कुंडली) मांडला. शनी मेषेत, गुरू-शुक्र मिथुनेत, चंद्र-बुध कर्केत, रवी कन्येत. गर्दी चार घरांत पांगली. "सहा जण एका खोलीत राहून राहिले म्हणजे सहाही एकाच वेळी बोलून नाही राहिले भाऊ," असं म्हणत त्यांनी दशा काढली, म्हणजे आयुष्याचा कोणता काळ कोणत्या ग्रहाचा तो क्रम. चंद्र श्रवण नक्षत्राच्या अगदी शेवटी, म्हणून चंद्रदशा वर्षभराच्या आतच संपते. पुढे मंगळाची ७ वर्षं, राहूची १८. हे दोघेही मकरेत नाहीत. या सहांतल्या कोणाचीही पुढची महादशा सव्विसाव्या वर्षाच्या आसपास, गुरूची १६ वर्षं, मग शनीची १९. तोवर अंतर्दशांपुरतेच, म्हणजे महादशेतल्या पोटकाळांपुरतेच, ते बोलतील. पत्रिकेत दशांचा तक्ता आहेच, पण फलादेशाला त्याचा पत्ता नाही.

गुरुजींची उणीव एकच: सर्वाष्टकवर्ग (प्रत्येक राशीला मिळणाऱ्या शुभ बिंदूंची बेरीज) ते आपणहून पाहत नाहीत. ३३७ बिंदू बारा राशींत वाटले की सरासरी २८ येते. सहा ग्रह बसलेल्या राशीत २८ हून बरेच कमी आहेत की जास्त, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. तेव्हा विचारायचं. आकडा मोठ्या पत्रिकेच्या पान ३१ वर आहे.

पैशाचं म्हणाल तर टिपण आणि अर्धा तास घ्या, ६०० रुपयात. बांधीव पत्रिका लग्नाच्या बोलणीत दाखवायलाच लागत असेल तर गोष्ट वेगळी. ती घेतलीच तर शेवटचं पान उपायांचं आहे: माणिक, मोती, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, एकाच मुलाला सहाच्या सहा. रवीचं माणिक आणि त्याचा शत्रू शनी याचं नीलम एका हातात! गुरुजींनी त्या पानावर काही न बोलता आडवी रेघ मारली आणि पेन्सिल कानामागे खोचली.