जीसीसीच्या कोणत्या आवृत्त्या ठेवाव्यात: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी रत्नागिरीत घरून काम करतो. मिरकरवाडा बंदरातल्या काही होड्यांवर रास्पबेरी पाय हे छोटे संगणक बसवलेत आणि जीपीएसकडून येणाऱ्या एनएमईए ओळी (सागरी उपकरणांच्या ठरलेल्या स्वरूपातला मजकूर) वाचणारी माझी सी प्लस प्लस लायब्ररी त्यांवर चालते. ती कोणकोणत्या कंपायलरवर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) बांधून तपासायची, हे ठरवायला मला आठ महिने लागले.

आधी मी जीसीसी या कंपायलरच्या ७ ते १४ अशा आठही आवृत्त्यांच्या डॉकर इमेज, म्हणजे कंपायलरसह तयार पॅकेज, उतरवल्या. एकेक इमेज जीबीच्या वर, आणि पाऊस लागला की इकडे नेटचा भरवसा नसतो. पण खरी अडचण वेगळीच होती. मधल्या आवृत्त्या रोज एकच उत्तर देत होत्या आणि दर बदलामागे पाऊण तास जात होता.

मग लायब्ररी चालते कुठे, ते पाहिलं. जुन्या पायवर बस्टर ही लिनक्सची जुनी आवृत्ती, म्हणजे तिच्यासोबत येणारा जीसीसी ८. नव्यांवर तिच्या पुढची बुकवर्म, म्हणजे १२. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४, म्हणजे ११. उबुंटू २४.०४ वाल्यांकडे १३. जे कोणाकडेच नाही ते काढून टाकलं.

दोन्ही टोकांनी आपली किंमत वसूल करून दिली. जीसीसी ८ वर फाइलसिस्टिमची लायब्ररी वेगळी लिंक करावी लागते, ९ पासून ती गरज नाही. त्यामुळे लॅपटॉपवर सुरळीत बांधलेला कोड ८ वर लिंक होईना. १३ वर उलटी गत झाली. सीस्टडइंट (ठरावीक आकाराच्या पूर्णांकांचं) हेडर मी कधी घेतलंच नव्हतं, ते दुसऱ्या हेडरच्या पोटातून येत होतं. १३ मध्ये ते यायचं थांबलं आणि बिल्ड पहिल्याच फाइलला अडला.

सगळ्यात मोठा धडा मात्र आवृत्तीचा नाही, प्रोसेसरचा. खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, तुटक्या ओळी येत राहतात, म्हणून चेकसम, म्हणजे ओळ नीट आली का हे सांगणारा तिच्या शेवटचा आकडा, तपासावाच लागतो. त्यासाठी हेक्स (सोळा-आधारी) अंकांचा तक्ता होता, चुकीच्या अक्षराला –१. तक्त्याचा टाइप साधा ‘चार’ (char, एका अक्षराचा टाइप). इंटेलवर तो साइन्ड, म्हणजे ऋण संख्याही घेणारा असतो, पायच्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्सवर अनसाइन्ड, म्हणजे ऋण संख्या न घेणारा. पायवरच्या कंपायलरने –१ बसत नाही म्हणून थेट एरर दिली, हे नशीबच. तक्ता मी एकेक किंमत देऊन भरला असता तर –१ चे निमूट २५५ झाले असते आणि ‘शून्यापेक्षा कमी का’ ही तपासणी कधीच लागू पडली नसती. आता तिथे स्पष्टपणे ‘साइन्ड चार’ लिहिलंय, आणि इंटेलवरही एक बिल्ड ‘एफ-अनसाइन्ड-चार’ पर्याय देऊन करतो. हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं.

क्लँग या दुसऱ्या कंपायलरची एकच आवृत्ती ठेवलीय, मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या ॲड्रेस सॅनिटायझरसाठी. अर्धवट ओळीवर मी बफरच्या पलीकडे वाचत होतो, ते त्यानेच पकडलं.

वॉर्निंगला एरर मानण्याचा पर्याय लायब्ररीच्या बिल्ड फाइलमध्ये ठेवू नका. मी ठेवला होता. नवा कंपायलर नव्या वॉर्निंग घेऊन येतो, आणि वापरणाऱ्याचा बिल्ड आपल्यामुळे फुटतो. आता तो फक्त माझ्या तपासणीत, तोही १२ वरच लावतो.

दोन होड्यांवर अजून बस्टर आहे. तांडेल (होडीचा प्रमुख) म्हणतो, “चालतंय ना, मग हात कशाला लावतोस?” १ जूनला मासेमारी बंद झाली की पायचं मेमरी कार्ड बदलून घ्यायला तो तयार झालाय. तोवर माझ्या यादीतून ८ हलणार नाही.