जीएसटी बिलासह फोटोशॉपचा ‘आजीवन परवाना’ आणि माझे ८१,९१० रुपये

फोटोशॉपचा ‘आजीवन परवाना’ या नावाने आज जो कोणी काही विकत असेल तो चोर आहे, हे सर्वांत आधी लिहून टाकतो. पुढचे वाचायला सवड नसेल तर एवढे वाचले तरी पुरे. मला भेटलेल्या चोराने एकूण ८१,९१० रुपये नेले. त्यांपैकी ५,३१० आणि नंतर २,९५० रुपये मी पाठवले, आणि ४८,७५० व २४,९०० रुपये मी संगणकासमोर बसलेलो असताना माझ्या बचत खात्यातून गेले.

मी साताऱ्यात राहतो. नोकरी एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात झाली, आणि निवृत्तीनंतर कास, ठोसेघर, सज्जनगड या बाजूला जाऊन छायाचित्रे काढणे आणि घरी येऊन ती संगणकावर सुधारणे हा माझा उद्योग आहे. फोटोशॉप मी सातव्या आवृत्तीपासून वापरत आलो. ती जुनी प्रत कुठून आली असे कोणी विचारू नये. त्या काळी साताऱ्यातल्या स्टुडिओंत ती जशी येत असे तशीच माझ्याकडेही आली. मात्र त्या प्रतीत देवनागरी युनिकोड टाकले की जोडाक्षरे फुटतात. ‘कास पुष्प पठार’ लिहिले की ‘ष’ पाय मोडून एकीकडे आणि ‘प’ दुसरीकडे. मग श्रीलिपीचा फॉन्ट घ्या, वेगळ्या कळफलकावर टंकन करा, आणि तोच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवायचा झाला की पुन्हा पहिल्यापासून लिहा. सीतेची आसवे, तेरडा, सोनकी अशी सगळ्या फुलांची मराठी नावे टाकून एक दिनदर्शिका करायची होती, म्हणून नवी आवृत्ती हवी होती, आणि ती या वेळी रीतसर, पैसे देऊन, बिल घेऊन हवी होती. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘फुकटाच्या नादाला लागलात’ हे वाक्य मी आतापर्यंत नातेवाइकांकडून, बँकेकडून आणि पोलिसांकडून ऐकून घेतले आहे. फुकट हवे असते तर ते कुठे मिळते हे मला चांगले ठाऊक होते.

फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने कायमचा परवाना विकणे बंद केले आहे, हेही मला ठाऊक होते. २०१२ साली आलेली सीएस ६ ही फोटोशॉपची एकरकमी विकली गेलेली शेवटची आवृत्ती. मे २०१३ मध्ये कंपनीने यापुढे फक्त वर्गणी असे जाहीर केले. छायाचित्रांसाठीच्या त्यांच्याच लाइटरूमची २०१५ ची सहावी आवृत्तीही त्या मालिकेत शेवटचीच ठरली. मग मी फसलो कसा? फेसबुकवर ‘आजीवन परवान्या’ची जाहिरात दिसली. तिच्याखालच्या क्रमांकावर मी हीच शंका विचारली, तेव्हा तिथल्या माणसाने स्वच्छ पुणेरी मराठीत उत्तर दिले की ‘काका, तुमचे बरोबर आहे, सामान्य ग्राहकाला आजीवन मिळत नाही, आमच्याकडे मोठ्या कंपन्यांनी घाऊक घेतलेले आणि न वापरलेले परवाने आहेत, ते आम्ही नावावर करून देतो.’ विंडोज आणि ऑफिसच्या किल्ल्या, म्हणजे परवान्याचे सांकेतिक क्रमांक, बाजारात कशा मिळतात हे ज्याला माहीत आहे त्याला हे उत्तर अशक्य वाटणार नाही. शिवाय माझ्या प्रश्नाला उडवून न लावता त्याने आधी ‘तुमचे बरोबर आहे’ म्हटले, आणि हिशेबाच्या खात्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला हे शब्द फार क्वचित ऐकायला मिळतात.

किंमत ४,५०० रुपये, त्यावर नऊ टक्के केंद्राचा आणि नऊ टक्के राज्याचा जीएसटी, प्रत्येकी ४०५, एकूण ५,३१० रुपये. पैसे पाठवल्यावर काही मिनिटांत बिलाची पीडीएफ आली, आणि या बिलाची आठवण मला आजही झोपू देत नाही. वर पत्ता पुण्याचा होता. खाली पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक होता आणि त्याची सुरुवात ०७ ने होत होती. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो. आणि नोंदणी खरोखर दिल्लीची असती, तर साताऱ्यातल्या ग्राहकाला एकत्रित आयजीएसटी लागला असता, केंद्र आणि राज्य असे दोन तुकडे पडलेच नसते. एकाच कागदावर या दोन चुका होत्या आणि असले कागद तपासण्याचा पगार मी निवृत्त होईपर्यंत घेतला. पण ते बिल पैसे गेल्यानंतर आले होते, मोबाइलच्या पडद्यावर आले होते, आणि बोटांनी मोठे करून पाहिले ते एकूण रकमेचे रकाने. ते जुळत होते. बेरीज जुळली की कागद बाजूला ठेवायचा, ही सवय कारखान्यानेच लावली. तुम्ही मात्र पैसे देण्याआधी बिलाचा नमुना मागा आणि तो क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहा. तिथे कोणालाही, खाते न उघडता, त्या क्रमांकामागचे व्यवसायाचे नाव दिसते. मी नंतर पाहिले. तो क्रमांक एका भलत्याच व्यवसायाचा निघाला, आणि त्या बिचाऱ्यालाही आपला क्रमांक कुठे छापला जातो आहे याचा पत्ता नसावा.

दुसरी खूण त्याहून मोठी होती. फोटोशॉपची प्रणाली उतरवून घेण्यासाठी जी झिप फाइल आली तिला पासवर्ड होता, आणि सोबतच्या चित्रफितीत सांगितले होते की आधी इंटरनेट बंद करा, मग विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन रिअल-टाइम प्रोटेक्शन, म्हणजे व्हायरसवरचा सततचा पहारा, बंद करा आणि मगच फाइल उघडा. पासवर्ड लावलेली झिप अँटिव्हायरसला आत शिरून तपासता येत नाही, तो लावण्याचे कारणच ते. मी विचारले, तर ‘घाऊक परवान्याची फाइल विंडोजला अनोळखी वाटते, काका’ असे उत्तर आले. ते बटण निळ्याचे राखाडी होताना मी पाहिले आहे, खाली आलेली इशाऱ्याची ओळही वाचली आहे. कोणतीही प्रामाणिक कंपनी स्वतःची वस्तू बसवण्यासाठी तुमचा पहारेकरी झोपवायला सांगत नाही.

प्रणाली मात्र उत्तम चालली, जोडाक्षरे जुळली, आणि दिनदर्शिकेचे काम सप्टेंबरच्या पानापर्यंत आले. मग एके सकाळी फोटोशॉप उघडताच परवाना नसलेली ही प्रणाली बंद करण्यात आली आहे, अशा अर्थाची पाटी आली. विक्रेता म्हणाला, सर्व्हर बदलला, एकदाच नूतनीकरण करावे लागेल, २,५०० अधिक जीएसटी, म्हणजे २,९५० रुपये. काम अर्धवट होते, ते भरले. दोन दिवस चालले आणि पुन्हा तीच पाटी.

आता मला राग आला. मी त्याला लिहून कळवले की सगळे पैसे परत करा, नाहीतर तक्रार करतो. त्याने जराही वाद घातला नाही. ‘काका, तुमचा मनस्ताप समजतो, पूर्ण ८,२६० रुपये आजच परत करतो, परताव्याच्या विभागातून फोन येईल.’ माझ्या आधी फसलेल्यांनीही असाच राग दाखवला असणार आणि त्यांच्यासाठी हा दुसरा सापळा तयार ठेवलेला असणार, हे तेव्हा कोणाला सुचणार होते? फोनवरच्या माणसाने एनीडेस्क, म्हणजे दुसऱ्याला लांबून आपला संगणक पाहू आणि चालवू देणारी प्रणाली, घ्यायला लावली, पडद्यावरचा क्रमांक विचारला, मी स्वीकाराचे बटण दाबले. ‘परतावा जमा झाला का, तुमचे खाते उघडून बघा,’ असे तो म्हणाला. मी नेटबँकिंग उघडले, आणि पडदा काळा झाला. एनीडेस्कमध्ये समोरच्याचा पडदा काळा करण्याची सोय आहे, ती मूळ खासगीपणासाठी आहे. तो मात्र ‘रिफ्रेश होतंय काका, माऊसला हात लावू नका’ म्हणत राहिला. मोबाइल वाजला तेव्हा ४८,७५० गेले होते, आणि मी प्लग ओढेपर्यंत आणखी २४,९००. दोन्ही रकमा कुठल्याशा पेमेंट गेटवेमार्फत खरेदी म्हणून गेल्या.

ओटीपी मी कोणालाही सांगितलेला नाही. मराठी संदेश मोठ्या कळफलकावर लिहिता यावेत म्हणून मोबाइलवरील गूगल मेसेजेस मी संगणकाच्या ब्राउझरमध्ये जोडून ठेवले होते. ओटीपी आला तो तिथेही आला आणि त्याने तो वाचला. बँकेचा पासवर्ड ब्राउझरने स्वतःहून विचारून जपून ठेवलेला होताच. तुमच्याही संगणकावर असे मेसेज जोडलेले असतील तर हे वाचून होण्याआधी काढून टाका.

१९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर मी त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली आणि पोच क्रमांक मिळाला. हे काम पहिल्या तासात करावे, कारण पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधीच तो अडवता येतो. माझे ६,२०० रुपये एका खात्यात अडकवले गेले. यापुढची कथा मात्र वेगळी आहे.

दुसऱ्या दिवशी बँकेच्या शाखेत गेलो, तर साहेब बैठकीत. बैठक संपली, मग जेवणाची सुट्टी. जेवण झाल्यावर साहेबांनी अर्ज न वाचता विचारले, ‘ओटीपी का दिलात?’ मी संगणकावरील मेसेजचा प्रकार समजावून सांगितला, तर म्हणाले, ‘म्हणजे दाखवलात ना?’ मी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक छापून नेले होते. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर आहे, असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, हेही त्यात आहे, आणि साहेबांना नेमके तेवढेच वाक्य पाठ होते. पहिले वाक्य मी बोट ठेवून दाखवले, तेव्हा ‘ते मुख्य कार्यालय बघेल’ म्हणून कागद ट्रेमध्ये गेला. पोच मागितली, तर शिक्का सापडेना. तुम्ही शाखेत जाल तेव्हा दोन प्रती न्या आणि पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ती मी केली आहे आणि ‘प्रक्रियेत’ हा एक शब्द रोज वाचतो आहे.

पोलीस ठाण्यात मला विचारण्यात आले की हे फोटोशॉप नावाचे दुकान नेमके कुठे आहे आणि ते आपल्या हद्दीत येते का. मी समजावून सांगितले. मग विचारण्यात आले की माल मिळाला होता ना, चालला होता ना, मग फसवणूक कसली? मी तेही समजावून सांगितले. तेवढ्यात संगणकातले थोडेफार कळणारा एक तरुण कर्मचारी आला आणि त्याने सगळे ऐकून, इतरांसमोर, मोठ्याने सांगितले, ‘काका, ती प्रत चोरीची आहे, ती वापरल्याबद्दल तुमच्यावरच केस होऊ शकते.’ प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ मधील कलम ६३ ब मी त्या रात्री वाचून काढले. चोरीची संगणक प्रणाली जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांची कैद त्यात आहे, पण ‘जाणूनबुजून’. आणि माझ्याकडे जीएसटीसह बिल आहे, ते खोटे असले म्हणून काय झाले, मला ते खरे म्हणूनच विकले गेले. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणूक करणाऱ्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ ड आहे, भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. त्यांची नावे कोणी घेतली नाहीत. तक्रारदाराला घाबरवण्यासाठी लागणारे कलम तेवढे तोंडपाठ! शेवटी अर्ज घेतला, पण गुन्हा नोंदवला नाही. हद्दीबाहेरचा गुन्हा असला तरी शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवता येतो, हे मी सांगितले तेव्हा ‘आम्हाला शिकवू नका’ असे उत्तर मिळाले. अडकवलेले ६,२०० रुपये सोडवायचे, तर न्यायालयाचा आदेश आणा असे बँक म्हणते. वकील त्यासाठी ५,००० रुपये आणि कागदपत्रांचा खर्च मागतात.

माझ्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याच्या मुलाने नंतर संगणक तपासला. विंडोजच्या सिस्टिम ३२ या फोल्डरच्या आत ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि तिथे होस्ट्स नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. ती त्याने नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. ॲडोबीच्या सर्व्हरची नावे एकाखाली एक, आणि प्रत्येकासमोर १२७.०.०.१, म्हणजे तपासणीसाठी बाहेर जाणारी प्रत्येक हाक माझ्याच संगणकाकडे परत. माझा ‘घाऊक परवाना’ हाच होता. तुम्हीही कुणाकडून असे काही घेतले असेल तर ही फाइल आज उघडा. त्यात ॲडोबीच्या नावांच्या अशा ओळी असतील तर संगणक पुसून विंडोज नव्याने टाका आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. मी तसे केले. छायाचित्रांच्या मूळ एनईएफ (निकॉन कॅमेऱ्यातल्या कच्च्या) फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर होत्या म्हणून वाचल्या.

दिनदर्शिका आता फोटोशॉपऐवजी गिंपमध्ये पूर्ण करतो आहे आणि मूळ फाइलींसाठी डार्कटेबल घेतले आहे. दोन्ही कायदेशीररीत्या मोफत आहेत, दोन्ही त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत, आणि गिंपमध्ये ‘पुष्प’ नीट उमटते. हात बसायला वेळ लागतो आहे. फोटोशॉपच हवे असेल तर ॲडोबीच्या संकेतस्थळावर मासिक वर्गणी भरा, ती कितीही टोचली तरी.

विक्रेत्याचा क्रमांक मी तक्रारीत दिलेला आहे आणि तो आजही चालू आहे. काल तीच जाहिरात मला पुन्हा दिसली. किंमत ३,९९९ वर आली आहे, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘सातारा, कराड, वाई येथील ग्राहकांना पक्क्या जीएसटी बिलासह.’