फुलाची पर्स विणायचीये: सुती दोरा घ्यावा की लोकर?

लहान मुलीसाठी क्रोशाची फुलाची पर्स करायची म्हटलं की नमुन्यावर फारसं अडत नाही. व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि मधे गोल विणून कडेने पाकळ्या टाकायच्या हे ज्याला क्रोशा येतो त्याला मी वेगळं काय सांगणार. अडतं ते दोऱ्यापाशी. सुती घ्यायचा की ॲक्रिलिक, म्हणजे ज्याला आपण सरसकट लोकर म्हणतो ती. मी भाचीसाठी दोन्हीत केल्यात, नंतर तिच्या मैत्रिणींसाठीही केल्या, आणि माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकते, पण दुसऱ्या बाजूचं जे चांगलं आहे तेही खरंच चांगलं आहे म्हणून आधी तेच लिहिते.

नाशिकला मेन रोडला किंवा शालिमारकडे दुकानात जाऊन लोकर मागा, वर्धमान म्हणा गंगा म्हणा, रंगांची नुसती रेलचेल असते, गुलाबीच्याच किती छटा. दिवाळीच्या आसपास थंडीचा माल भरलेला असतो तेव्हा तर विचारूच नका. मुलीला रंग निवडायला सोबत नेलंत तर ती तिथून हलत नाही. सुती दोऱ्यात एवढे रंग एका दुकानात मला तरी मिळत नाहीत, एकीकडे पिवळा मिळतो तर त्याच जाडीचा जांभळा दुसरीकडे शोधावा लागतो. लोकर स्वस्त पडते. हाताला मऊ, सुई सुळकन फिरते, टाका थोडा सैल-घट्ट झाला तरी लोकर ताणून सांभाळून घेते, त्यामुळे ज्यांचा हात अजून बसलेला नाही त्यांना लोकरीवर काम लवकर दिसायला लागतं. वजनाला हलकी. आणि पावसाळ्यात हा मुद्दा मोठा आहे, श्रावणात इथे दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही तेव्हा लोकरीची पर्स धुऊन पंख्याखाली टाकली की वाळते, सुती मात्र ओलीच राहते आणि तिला कुबट वास धरतो, आतल्या अस्तराला तर हमखास.

अजून एक, रंगपंचमी. आपल्याकडे खरी धमाल त्या दिवशी, आणि मुलं गळ्यातली पर्स काढून ठेवतील ही आशा करू नका. लोकरीवर रंग पडला तर बराचसा धुतल्यावर निघतो. सुताने एकदा रंग प्यायला की तो तिथलाच झाला. त्या दिवसापुरती पर्स सरळ कपाटात कुलूपबंद.

आता सुती दोऱ्याचे त्रास. बोटं दुखतात, हे पहिलं. सूत लोकरीसारखं ताणत नाही त्यामुळे प्रत्येक टाक्याला सुई घालताना जोर लागतो आणि पट्टा विणता विणता मनगट भरून येतं. कमी पिळाचा दोरा असेल तर सुईच्या टोकाला त्याचे पदर सुटतात, अर्धा दोरा टाक्यात आणि अर्धा बाहेर, मग उसवा. गडद रंग पाण्यात उतरतो, लाल फुलाच्या मधला पांढरा गोल पहिल्या धुण्यात गुलाबी होऊ शकतो, म्हणून आधी दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कपड्यात दाबून बघायचा. वजनही जास्त. पाच-सहा वर्षांच्या मुलीची पट्ट्यासकट पर्स मला साधारण ७०-८० ग्रॅम सुतात बसते, तीच लोकरीत केली तर हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो.

हे सगळं वाचून वाटेल की मग लोकरच घ्यावी. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पण एका गोष्टीने माझा निर्णय फिरवला, ती म्हणजे पाकळ्या.

फुलाची पर्स ही फुलासारखी दिसली तरच तिला अर्थ आहे ना. नाहीतर ती नुसती गोल पर्स. आपण साधारण करतो ते असं, मॅजिक रिंगमधे, म्हणजे दोरा ओढून बंद होणाऱ्या सुरुवातीच्या कड्यात, १२ खांब (उंच टाके), मग २४, मग ३६, मग ४८, आणि पुढच्या ओळीत दोन टाके सोडून एकाच टाक्यात सात खांब, परत दोन सोडून पुढच्यात स्लिप स्टिच, म्हणजे नुसता अडकवून घेतलेला टाका. सहा टाक्यांत एक पाकळी बसते, ४८ मधे आठ पाकळ्या. अशा दोन बाजू जोडल्या की पर्स. सुईवरून उतरल्या उतरल्या लोकरीतलं हे फूल इतकं गोड दिसतं, गुबगुबीत, पाकळ्या भरलेल्या, की फोटो काढून सगळ्यांना पाठवावासा वाटतो. आणि मग ती पर्स मुलीच्या हातात जाते. दप्तरात कोंबली जाते, गाडीवर दोघांच्या मधे दाबली जाते, रात्री उशीखाली झोपते. काही दिवसांनी बघावं तर एकेक पाकळी आत वळायला लागलेली असते. आधी टोक, मग कड, मग अख्खी पाकळी स्वतःवरच गुंडाळून बसते. एकाच टाक्यात सात खांब दाटीने बसलेले असतात, लोकरीला मुळात ताणून परत जागेवर यायची सवय, ती कड आत ओढत राहते. पाकळी बोटाने सरळ केली की सरळ होते, सोडली की परत आत. भाची तर गाडीवर माझ्या मागे बसून सगळा रस्ताभर पाकळ्या सरळ करत बसायची आणि उतरल्यावर म्हणायची, आत्या, माझं फूल परत झोपलं.

त्यावर उपाय नाही असं नाही, पण लोकरीवर उपाय करणंच अवघड. इस्त्री लावली की ॲक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं, चपटं होतं, चमक येते आणि फुलाचा सगळा भरीवपणा जातो, तो परत आणता येत नाही. नुसती लांबून वाफ दिली तर चालते म्हणतात आणि थोडी चालतेही, पण किती लांबून आणि किती वेळ हा अंदाज प्रत्येक लोकरीला वेगळा, आणि अंदाज चुकला तर आठच्या आठ पाकळ्या लुळ्या पडतात. खळ दिली तर ती आत मुरत नाही, वरवर बसते आणि हाताळली की पांढरी भुकटी होऊन निघते. दोन्ही बाजूंच्या पाकळ्या एकावर एक ठेवून कडेने सिंगल क्रोशेची, म्हणजे बुटक्या टाक्यांची, ओळ फिरवली तर वळणं बरंच कमी होतं हे मात्र खरं, लोकरीतच करायची असेल तर एवढं नक्की करा. मग चेन (झिप) पाकळ्यांच्या आतल्या गोलाला लावावी लागते, जरा किचकट पण जमतं.

सुतात हाच प्रश्न अर्ध्या तासाच्या कामाचा आहे, आणि तो आपल्या घरांमधे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. टीव्हीवरचे, टीपॉयवरचे क्रोशाचे रुमाल आई-आजी कशा ताठ करायच्या आठवा, साबुदाण्याची खळ. मूठभर साबुदाणा भिजवायचा, भरपूर पाण्यात दाणा पारदर्शक होईपर्यंत उकळायचा, गाळून घ्यायचा, कोमट झाला की पर्सच्या दोन्ही बाजू, जोडायच्या आधी, त्यात बुडवून हाताने दाबून पिळायच्या, मुरगाळायच्या नाहीत. जाड टॉवेलवर उलटी बाजू वर करून पसरायच्या आणि प्रत्येक पाकळीला तीन टाचण्या, एक टोकाला आणि दोन बगलेला. टाचण्या स्टीलच्याच घ्या, साध्या लोखंडी असतील तर गंजाचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात दुपारी टाचलेलं संध्याकाळी कडक. टाचण्या काढल्यावर पाकळी बोटाने वाकवून बघा, ती परत सरळ होते, लोकरीच्या बरोबर उलट. वरून सुती कपडा ठेवून इस्त्री फिरवली तरी काही बिघडत नाही. धुतल्यावर परत खळ द्यावी लागते, हा त्रास आहेच, पण तो मला मान्य आहे कारण दर वेळी फूल नव्यासारखं उभं राहतं. फक्त खळ दिलेली पर्स महिनोन्‌महिने बंद कपाटात ठेवू नका, कसर लागते.

लोकरीच्या पर्सवर गोळेही धरतात, जिथे ती फ्रॉकला घासते तिथे. हे सगळ्यांनाच माहीत आहे म्हणून जास्त लिहीत नाही.

आता अस्तर, कारण दोरा कुठलाही घेतला तरी हे सोडता येत नाही आणि इथेही दोन्हींत थोडा फरक पडतो. संक्रांतीला ही मुलं घरोघर तिळगूळ घेत फिरतात आणि काटेरी हलवा सरळ पर्समधे टाकतात. चार नंबरच्या (४ मिमी) सुईने लोकरीत विणलेले खांब पर्स भरली की ताणतात, मधे फटी पडतात आणि हलव्याचा एकेक दाणा जिन्यावर सांडत जातो. सुतात साडेतीनची सुई घेतली तर वीण दाट बसते आणि ती भरल्यावरही फाकत नाही. तरी चिकट गूळ, नाणी, खडूचे तुकडे यांच्यासाठी अस्तर लावाच. हळदीकुंकवात आलेले ब्लाउजपीस प्रत्येक घरात पडून असतात, त्यातला सुती बघून एकदा धुऊन मगच कापा, नाहीतर नंतर तो आटतो आणि पर्स आत खेचली जाते. पॉलिस्टरचा ब्लाउजपीस बुळबुळीत असतो, हाताने शिवताना सरकतो.

पट्ट्याच्या बाबतीत मात्र सुताची बाजू लंगडी आहे. सुती पट्टा ओझ्याने लांब होतो आणि लांबच राहतो, लोकरीचा निदान थोडा परत येतो. नवरात्रात कालिकादेवीच्या यात्रेला भाचीने पर्समधे बांगड्या, शिट्टी, फुगे असं काय काय भरलं, परत येईपर्यंत पर्स कमरेवरून गुडघ्याकडे निघाली होती. तेव्हापासून मी पट्ट्याला मागून सुती नाडी शिवून टाकते, पट्ट्याच्या लांबीची, दोन्ही कडांना बारीक धावदोऱ्याने, मग तो तसूभरही वाढत नाही. पट्टा मुळातच आखूड ठेवा, तिरपा घातल्यावर पर्स कमरेशी आली की पुरे. फार लांब पट्टा झोक्याला, घसरगुंडीला अडकतो, आणि अगदी लहान मुलीला तर पट्ट्याऐवजी मनगटात घालायची कडीच करा. बंद करायला चेन किंवा मोठं लाकडी बटण, चुंबकाचं बटण लहान मुलांच्या वस्तूला नको, सुटून तोंडात गेलं तर फार धोक्याचं.

तरी लोकर घेऊच नका असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच करताय, वाढदिवस चार दिवसांवर आलाय, मुलीला तो एकच फ्लोरोसंट रंग हवाय, किंवा तुमची बोटं दुखतात, तर बिनधास्त लोकरीत करा, पोरगी खूश होणारच आहे. मुलगी पर्स खेळण्यापुरतीच घेणार असेल तरी लोकर पुरते. पण रोज वापरणार असेल, आणि तुम्हाला ते फूल वर्षभराने फूलच दिसायला हवं असेल, तर माझ्या अनुभवाने सूत बरं. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, विणायचा हात प्रत्येकाचा निराळा असतो.

सुती घेणार असाल तर लेबलवर मर्सराइज्ड लिहिलंय का बघा. सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढलेलं असतं, त्याने चकाकी येते, रंग खुलून बसतो आणि दोरा मजबूत होतो, शिवाय त्यावर लव कमी असल्याने टाके स्वच्छ दिसतात. अँकरचा निटिंग कॉटन मिळाला तर या कामाला जाडी बरोबर पडते, रुमालाचा बारीक क्रोशाचा दोरा मात्र घेऊ नका, फूल व्हायला जन्म जाईल. दुकानात गोळ्याचं टोक दोन बोटांत धरून पीळ उलटा फिरवून बघा, पदर पटकन सुटे झाले तर तो गोळा ठेवून द्या आणि दुसरा मागा. मुख्य रंगाचे दोन गोळे एकदमच घ्या, एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, कारण पट्टा विणायला घेतल्यावर दोरा संपतो आणि तोपर्यंत तीच छटा दुकानात उरलेली नसते.